आधी बोनेटवर हात ठेवा

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. खानावळीच्या मोरीत उष्टी ताटं साचतात ना, तसे ते साचतात. एक घासून ठेवावं, तर दोन येऊन पडतात. माझी खानावळ अमरावती रोडला, वाडीत. समोर ट्रकवाल्यांची गोदामं, मागे भाड्याच्या खोल्या, आणि भिंतीला भिंत लागून बाबारावचं आवार. बाबाराव जुन्या मोटारी विकायचा. त्याच्याकडून गाडी नेलेला माणूस परत आला की आधी माझ्याकडेच येऊन बसायचा, कारण त्याला लांबून पाहूनच बाबाराव मागच्या दाराने पसार झालेला असायचा! फसलेला माणूस आधी पाणी मागतो, मग चहा मागतो, मग बोलतो. मी चौथी शिकलेली बाई. पण ऐकायला शाळा लागत नाही.

त्या काळी नव्या गाडीसाठी नंबर लावावा लागे. आज नंबर लावला तर गाडी दारात येईपर्यंत पाळण्यातलं पोर शाळेत जायला लागायचं. म्हणून जुन्या गाडीला मागणी, आणि म्हणून बाबारावची चंगळ.

मला या भानगडीत पडायचं काही कारण नव्हतं. पण आमच्या घरातच दुखणं होतं. आमचे हे, म्हणजे गुलाबराव, आयुष्यभर दुसऱ्याची गाडी हाकत आले. सकाळी मालकाच्या दारात जाऊन किल्ली मागायची, रात्री किल्ली परत करायची. त्यांच्या मनात एकच होतं, स्वतःची टॅक्सी. नागपूर ते काटोल. त्यासाठी मी खानावळीतून वर्षानुवर्षं पैसे बाजूला टाकले होते. ते एकदाच खर्चायचे होते. गाडी चांगली निघाली तर म्हातारपण सुखाचं. खराब निघाली तर गेलं सगळं, आणि माणूस पुन्हा दुसऱ्याच्या दारात किल्ली मागत उभा.

आणि ह्यांचा हट्ट काय, तर गाडी घ्यायची ती बाबारावकडूनच!

"शेजारी हाये वं आपला. शेजाऱ्याले कोण फसवते?"

आता पुढचं ऐका.

* * *

गाडी घेतली की तिची पूजा करायची, ही आपल्याकडची रीत. बोनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, चाकांखाली लिंबं, पुढे नारळ, आणि सवाष्णीने ओवाळायचं. मगच घेणाऱ्याने गाडीत पाय ठेवायचा. बाबारावची बायको आवारात यायची नाही. म्हणून एक दिवस तो भिंतीवरून ओरडला, "वयनी, ताट घेऊन या नं जरा! सवाष्ण पाहिजे!"

मी गेले. निळी गाडी, चकाचक. घेणारा कुठल्याशा ऑफिसातला साहेब, टाय लावलेला. मी ओल्या बोटाने बोनेटवर स्वस्तिक काढायला घेतलं, तर कुंकू राहिलं बाजूला, माझंच बोट निळं झालं! रंग ओला होता हो! काल संध्याकाळी मारलेला! मी चाटच पडले. साहेबाला दाखवावं म्हणून बोट वर केलं.

बाबाराव चपळ. मध्ये येऊन उभा राहिला आणि त्याने दोन्ही हात जोडले. "वा! वा! गाडीनं सवाष्णीले रंग लावला! याच्याहून शुभ काय पाहिजे साहेब?"

आणि त्या टायवाल्याने मला वाकून नमस्कार केला!

तेव्हापासून प्रत्येक गाडीला ओवाळायचं काम माझ्या गळ्यात पडलं. "आमच्या वयनीचा हात मोठा शुभ हाये," असं बाबाराव येईल त्या गिऱ्हाइकाला सांगायचा. काटोलपर्यंत माझ्या हाताची कीर्ती गेली. मला वाटलं, जाऊ दे, शेजारधर्म आहे, वर नारळ मिळतो.

* * *

बाबारावच्या आवारातली एकूण एक गाडी डॉक्टरची असायची. "घर ते दवाखाना, दवाखाना ते घर. बस्स! दुसरा रस्ता या गाडीनं पाहिलाच नाई!" मी एकदा विचारलं, "काय गा बाबाराव, वकील-मास्तर लोक गाड्या विकतच नाहीत काय?" तो नुसता हसला.

एकदा एक नवं जोडपं आलं. पोरगी हुशार होती. तिने मागची सीट उचलून पाहिली. खाली बकरीच्या लेंड्या! एक-दोन नव्हे, चांगल्या ओंजळभर!

"हे काय आहे?" तिने विचारलं.

मी ताट धरून उभी. म्हटलं, आता सापडला. आता काय बोलतो पाहू.

बाबारावची पापणी हलली नाही. "सांगतलं नं ताई, डॉक्टरची गाडी हाये म्हणून. जनावराचा डॉक्टर होता!"

घेतली हो गाडी त्यांनी!

* * *

हे आवार रस्त्यापेक्षा उंच होतं, आणि गाड्या सगळ्या उतारावर, रस्त्याकडे तोंड करून उभ्या. का, ते मला बरीच वर्षं कळलं नाही. बाबाराव गिऱ्हाइकाला शेजारी बसवायचा, ब्रेक सोडायचा, गाडी गडगडत खाली निघाली की गियर टाकायचा, आणि इंजिन धरायचं. रस्त्याला लागेपर्यंत गाडी सुरू! "पाहा साहेब, आवाज तरी आला काय?"

हुडकेश्वरचे एक हेडमास्तर अशीच एक गाडी घेऊन गेले. घरी नेऊन बंद केली, ती बंदच. किल्ली फिरवली की नुसतं खट् व्हायचं. मास्तर बिचारे सायकल हाणत वाडीपर्यंत आले, घामाने निथळत. त्या दिवशी बाबारावला पळता आलं नाही, कारण तो माझ्याकडेच जेवायला बसला होता आणि हात वरणात होता.

मास्तर ओरडले, "तुमची गाडी सुरूच होत नाही!"

बाबारावने घास गिळला. "मास्तर, गाडीले नावं ठेवू नका. गाडी चांगली हाये. तुमचं गाव सपाट हाये!"

मला वाटलं, मास्तर आता वरणाची वाटी त्याच्या डोक्यावर ओततील. पण मास्तर विचारात पडले! एवढे शिकलेले! मान हलवत म्हणाले, "ते मात्र खरं आहे."

* * *

माझ्याकडे भुशाची शेगडी होती. लाकडाच्या टालावरून, म्हणजे वखारीतून, भुशाचं पोतं यायचं. बाबारावचा मिस्त्री अधूनमधून वाटी घेऊन यायचा. "वयनी, थोडा भुसा द्या नं." मी द्यायचे. सांडलेलं ऑइल टिपायला नेत असेल, असं मला वाटायचं.

एक दिवस काटोलचा संत्र्याचा व्यापारी आला. पाणी प्यायला, चहा प्यायला आणि टेबलावर मूठ आपटून बोलायला लागला. गाडी घेतली तेव्हा गियरचा आवाज म्हणून नव्हता. काही दिवस गेले आणि गाडी गिरणीसारखी ओरडायला लागली. गावच्या गॅरेजात गियरबॉक्स उघडला, तर आत भुसा! आतल्या घासलेल्या दातेरी चाकांचा आवाज दाबायला भुसा भरतात म्हणे. आवाज तेवढ्यापुरता जातो, मग गाडीच जाते.

मी वळून शेगडीजवळच्या पोत्याकडे पाहिलं.

शेठ निघून गेला तशी मी आवारात गेले आणि मिस्त्रीला गाडीखालून पाय धरून ओढून काढलं. "काय रे मेल्या! माह्या शेगडीचा भुसा लोकाच्या गाडीत भरतोस?"

तो उठून बसला, कपडे झटकले आणि शांतपणे म्हणाला, "रागावू नका वयनी. टालवरचा दुसरा भुसा जाड येते. तुमचा बारीक हाये!"

* * *

घरी आल्यावर मी ह्यांना सगळं सांगितलं. हे म्हणाले, "तो मिस्त्री बदमाश हाये वं. बाबारावले बिचाऱ्याले काय माहीत?"

गाडी हाकता येणं वेगळं आणि गाडी विकणारा ओळखता येणं वेगळं, हे मला त्या दिवशी समजलं.

* * *

मग ते पाटील आले. उंच, धिप्पाड, आवाज असा की ट्रकचा हॉर्न लाजावा. पांढरी गाडी पसंत केली. नारळ मी नेहमी चाकापुढच्या दगडावर फोडायचे. पाटील म्हणाले, "आमच्यात गाडीच्या अंगाले लावून फोडतात. द्या इकडे!"

बाबाराव "नका! नका!" म्हणत धावला, पण तोवर पाटलांचा हात सुटला होता. नारळ पुढच्या मडगार्डवर आपटला. नारळाला काही झालं नाही. मडगार्डाला भोक पडलं!

पुट्टीचा हातभर ढलपा खाली आला. आत लोखंड नव्हतंच. आत पिवळा पत्रा, आणि पत्र्यावर अर्धा मोर. तो मोर मी ओळखला. माझ्या खानावळीतल्या तेलाच्या डब्यावरचा मोर होता तो! मी डबे रिकामे झाले की मागे ठेवायचे, आणि कोणी पळवू नये म्हणून खिळ्याने त्यावर 'सु' कोरायचे. सुमनचा 'सु'. तोही तिथेच होता, मोराच्या शेपटीखाली!

बाबाराव म्हणाला, "पाटील, घरचा पत्रा हाये. बाजारचा हलका माल आपण नाई वापरत!"

पाटील त्याच्याकडे पाहतही नव्हते. ते एकदा त्या 'सु'कडे पाहत होते, एकदा माझ्याकडे. मग म्हणाले, "बाई, ओवाळता तुमीच, अन् पत्राही तुमचाच काय?"



* * *

आणि एवढं सगळं होऊन आमच्या ह्यांनी काय करावं? आवारातल्या काळ्या अँबॅसॅडरवर जीव जडवला! काचांना पडदे, पुढे छोटा पंखा, सीटवर लाल मखमल. उतारावरून चालवून पाहिली म्हणे, लोण्यासारखी गेली. "मडगार्ड मी स्वतः वाजवून पाह्यलं वं. लोखंड हाये. उद्या सकाळी बयाना देतो."

मला इंजिनातलं काय कळतं? पण पहाटे उठून ह्यांच्या आधी आवारात गेले. थंडीचे दिवस. सगळ्या गाड्यांवर दव पडलेलं, आणि काळ्या गाडीचं बोनेट मात्र कोरडं ठाक. मी हात ठेवला. जन्मभर भाकरी थापल्यात, तवा तापलाय की नाही ते मला सांगावं लागत नाही. बोनेट तापलेलं होतं!

"बाबाराव, ही गाडी कोणी तापवली?"

तो कानटोपी सारखी करत आला. "ऊन लागलं असंल वयनी."

"सूर्य उगवायचा हाये अजून! कुठलं ऊन गा?"

मी तिथेच गाडीपुढे भाजीची टोपली आणि विळी घेऊन बसले. म्हटलं, आता हिला कोणी हात लावायचा नाही. गार होऊ दे. मग माझ्या खानावळीपुढे सपाट जागेवर ढकलत आणा आणि माझ्यासमोर सुरू करा.

दुपारी गाडी आणली. बाबारावने किल्ली फिरवली. खट्. पुन्हा फिरवली. खट्. मिस्त्रीने हँडल मारून मारून दंड दुखवून घेतले. शेवटी जेवणारे ट्रकवाले उठले आणि सगळ्यांनी मिळून धक्का मारला, तेव्हा एकदाची सुरू झाली, आणि असा धूर सोडला की पंगतीतल्या माणसाला स्वतःचं ताट दिसेना!

म्हणजे गिऱ्हाईक यायच्या आधी रोज पहाटे धक्का मारून सुरू करायची, तापवून ठेवायची, आणि मग उतारावरून दाखवायची. हा धंदा!

हे आत जाऊन बसले. मग हळूच म्हणाले, "आपल्या नशिबात दुसऱ्याचीच गाडी हाये वं."

मी म्हटलं, "नशीब गेलं चुलीत! थांबा तुम्ही."

कारण त्या पहाटे मी आणखी एका गाडीला हात लावला होता. मागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली एक सलेटी, म्हणजे पाटीच्या रंगाची अँबॅसॅडर उभी असायची. तिला ना पडदे, ना मखमल. ती बाबारावची स्वतःची. बायकोला घेऊन रामटेकला जायचा तो तिच्यातून. तिचं बोनेट बर्फासारखं गार होतं, आणि मी भाजी चिरत असताना बाबाराव तीच गाडी काढून दूध आणायला गेला होता. एका किल्लीत. सपाटीवर!

* * *

दुसऱ्या दिवसापासून मी ताट उचलणं बंद केलं.

काटोलहून एक कुटुंब आलं होतं, सोबत त्यांची म्हातारी आई. व्यवहार ठरला, हार आला, लिंबं आली. बाबारावने भिंतीवरून हाक मारली. मी म्हटलं, "नाही येत."

त्याने मागच्या खोल्यांमधली एक बाई धरून आणली. म्हातारी अडून बसली. "ते खानावळवाली कुठी हाये? तिचाच हात शुभ म्हणून तूच सांगतलं होतं नं? तिनं ओवाळल्याशिवाय मी नाई बसत गाडीत!"

झाली का पंचाईत! म्हातारी स्वतः माझ्या दारात आली. "काहून वं बाई? काहून नाई ओवाळत?"

"माय, आधी जाऊन बोनेटवर हात ठेवा. मग मी काहून नाही ओवाळत ते विचारा."

म्हातारी गेली. तिचा आवाज मला आतपर्यंत ऐकू आला. "अरे बाप्पा! हे तं पोळून राहिलं!"

सगळं कुटुंब हार तिथेच टाकून परत गेलं. त्याच्यानंतरचं गिऱ्हाईकही गेलं. त्याच्यानंतरचंही. मग बाबाराव स्वतः आला, खाली मान घालून.

"वयनी, काय पाहिजे तुमाले? साडी देतो. चांगली."

"साडी नको. तुही सलेटी गाडी पाहिजे. काळ्या गाडीच्याच भावात."

तो असा उडाला, जसा काही मी त्याचा मुलगाच मागितला. "ते विकायची नाई!"

"म्हणूनच पाहिजे."

किती ओरडला, किती हात जोडले. मी पोळ्या लाटत राहिले. शेवटी किल्ली ओट्यावर ठेवून गेला. मी ह्यांना म्हटलं, भुलू नका, आधी गार गाडी सुरू करून पाहा, काटोलला जाऊन या, आणि बाबारावला ओळखत नाही अशा मिस्त्रीकडून गियरबॉक्स उघडून घ्या. हे सगळं करून आले. गियरबॉक्समध्ये ऑइल निघालं. नुसतं ऑइल! ह्यांनी ते दोन बोटांवर घेऊन मला दाखवायला घरी आणलं.

तेव्हा कुठे पैसे दिले.

पूजा मी माझ्या हाताने केली नाही. म्हटलं, बाबारावच्या बायकोनेच ओवाळावं. ती पहिल्यांदा आवारात आली. ओवाळता ओवाळता तिच्या डोळ्यांतून पाण्याच्या धारा. मला वाटलं, किती मायाळू बाई! तर ताट ठेवून नवऱ्याकडे वळली. "आता मी रामटेकले कायनं जाऊ?"

* * *

त्यानंतर मी पुन्हा ताट उचललं, पण माझ्या अटीवर. आधी गिऱ्हाइकासमोर बोनेटवर हात ठेवायचा, मग कुंकू. गरम गाडीचा भाव तिथल्या तिथे उतरायचा. दुरुस्ती करून घ्यायची तयारी असलेला माणूस तीच गाडी स्वस्तात घेऊन खुशीत जायचा, आणि बाबाराव भिंतीआडून माझ्याकडे दात खाऊन पाहायचा.

आमची सलेटी गाडी काटोलच्या रस्त्यावर धावत राहिली. हे रोज सकाळी उठून तिला पुसायचे, आणि किल्ली रात्री उशाशी ठेवून झोपायचे. मी कधी हसले नाही त्यावर.

मग काही वर्षांनी, एका दुपारी, बाबाराव खानावळीत आला. अंगात धुतलेला सदरा, हातात लग्नाची पत्रिका, त्यावर अक्षता. पोरीचं लग्न ठरलं होतं. पत्रिका माझ्या हातात देऊन तो ह्यांच्यापुढे जाऊन उभा राहिला.

"गुलाबभाऊ, एक काम होतं. पोट्टीच्या पाठवणीले तुमची गाडी पाहिजे. सासर दूर हाये, घाटातून जा लागते. भाडं सांगाल ते देतो."

मला खरंच आश्चर्य वाटलं. मी पदराला हात पुसत बाहेर आले. भिंतीपलीकडे त्याचं आवार गाड्यांनी गच्च भरलेलं होतं. निळी, पांढरी, हिरवी, सगळ्यांना ताजा रंग, आरशासारख्या चमकत होत्या.

"काय गा बाबाराव," मी म्हटलं, "तुह्या दारात इतक्या गाड्या उभ्या हायेत. सगळ्या डॉक्टरच्या! त्यातलीच एक सजव नं फुलांनी."

बाबारावने एकदा आवाराकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"काय बोलून राहिल्या वयनी! मायी पोट्टी बसणार हाये त्याच्यात!"